मागच्या भिंतीची परीक्षा

८ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला म्हणून फुगून बसली असशील, तर राग गिळ आणि पुढचं वाच. तुझ्या जुन्या तिसऱ्या खोलीत आता माझं राज्य आहे आणि राज्यात सुधारणा झाल्या आहेत. छत्तीस वर्षं तू ज्या फळ्यावर लिहिलंस, त्याच्यावर मोठा स्क्रीन बसला. वह्या बंद झाल्या. एक्केचाळीस मुलांना एकेक टॅब मिळाला. धडा टॅबच वाचून दाखवतो, प्रश्नही तोच विचारतो, मुलानं तोंडी उत्तर दिलं तरी त्याला कळतं, आणि कोणाला किती आलं याचा रिपोर्ट शुक्रवारी माझ्यापुढे तयार असतो. रविवारी वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसायचे दिवस संपले. तू नाक मुरडते आहेस, ते मला इथून दिसतंय.

आता एक गंमत सांगते. वर्गात एक अकरा वर्षांची मुलगी आहे. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणतात. आई लाँड्रीत इस्त्री करते. गेल्या वर्षी ही पोर कुठल्या बाकावर बसायची, तेही कोणाला आठवत नाही. टॅब आले आणि ती सुसाट सुटली. सलग पाच आठवडे वर्गात पहिली! दिवसभर कानाला हेडफोन, एकदा ऐकलं की पाठ. टॅबला अगदी नाक टेकवून बसते. मी म्हटलं, बाई गं, एखाद दिवशी आत शिरशील. आणि वेंधळी तर अशी, की पेन्सिल पायाशी पडलेली असते आणि ही हातानं सगळी फरशी चाचपते. काल दाराच्या चौकटीवर आपटली आणि चौकटीलाच सॉरी म्हणाली. वर्ग हसून लोळला. मीसुद्धा.

नऊ ऑक्टोबरला शिक्षण खात्याचे पाहुणे आमचा वर्ग बघायला येणार आहेत. तो दिवस नीट पार पडला तर मला कायम करतील, असं मोठ्या सरांनी जवळजवळ कबूल केलंय. कच्च्या नोकरीवर चार वर्षं कशी काढली, ते तुला माहीतच आहे. त्या दिवशी चिमणीला स्टेजवर बसवणार आहोत.

गुडघ्यांकडे लक्ष दे, आळस करू नकोस. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे, जमल्यास थोडी वाढव.

तुझी,
ठकू


१४ सप्टेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाक मुरडलं होतं, पण पहिल्या परिच्छेदापुरतंच. वह्या गेल्याचं मला दुःख नाही. माझे अर्धे रविवार त्यांनी खाल्ले. पण त्या पोरीची मला गंमत वाटली नाही. पत्र तीनदा वाचलं. नाक टेकवून बसते, हातानं चाचपते, चौकटीवर आपटते, सगळं कानानं शिकते. ठकू, ती वेंधळी नाही. तिला दिसत नसणार.

तुला कधी सांगितलं नव्हतं, ते आता सांगते. एका वर्षी एका मुलाच्या वहीत अक्षरं रेघ सोडून खाली घसरत चाललेली दिसली. त्याची नजर अधू झाली होती आणि घरच्यांना पत्ता नव्हता. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी एकेका मुलाला मागच्या भिंतीला पाठ लावून उभं करायची आणि फळ्यावरची सगळ्यांत खालची ओळ वाचायला लावायची. ओळ त्याच वेळी मनानं लिहायची, पुस्तकातली घ्यायची नाही, म्हणजे पाठ म्हणून दाखवता येत नाही. मुलं त्याला मागच्या भिंतीची परीक्षा म्हणायची. नापास होणाऱ्याला शिक्षा नाही, फक्त त्याच्या आईला निरोप जायचा.

हे पत्र वाचून खाली ठेवलंस की लगेच तेवढं कर. पाहुणे नंतर. म्हातारीचा संशय खोटा निघाला तर मला पोटभर हस, मी तुझ्याबरोबर हसेन.

तुझ्या भल्यासाठीच टोचणारी,
मावशी


२० सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सतरा तारखेला मिळालं. इथे रोज तालीम चालू आहे, श्वास घ्यायला सवड नाही, त्यामुळे तुझी परीक्षा अजून घेता आली नाही. फार तर चष्मा लागेल. नऊ तारीख होऊन जाऊ दे, मी स्वतः तिला डॉक्टरकडे नेते.

एक सांगू? तुला टॅब मनातून आवडलेले नाहीत, त्यामुळे तुला त्यात काहीतरी वाईट दिसणारच. सलग सात आठवडे पहिली येणाऱ्या मुलीला दिसत नाही, हे कसं पटायचं? रागावू नकोस. घाईत आहे म्हणून थोडक्यात आटपते. बाकी प्रेम आहे तसं असू दे.

ठकू


१९ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले.

तुझं पत्र ज्या दिवशी आलं, त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी चिमणीला थांबवलं होतं. स्क्रीनवर मनाची एक ओळ लिहिली आणि तिला मागच्या भिंतीला उभं केलं. तिनं त्या दिवशीचा धडा पहिल्या वाक्यापासून म्हणायला सुरुवात केली. मी म्हटलं, हे नाही, समोर लिहिलंय ते वाच. ती चाचपडत पुढे आली, माझा हात धरला आणि म्हणाली की आईला सांगू नका, नाहीतर मला कार्यक्रमातून काढतील. मावशी, मी तिला समजवायला हवं होतं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. आपण पाहुणे गेल्यावर सांगू, असं मीच म्हणाले आणि तिला पेपरमिंटची गोळी दिली.

कार्यक्रम उत्तम झाला. चिमणीनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. पाहुण्यांनी प्रशस्तिपत्रक पुढे केलं, तेव्हा तिनं हात भलतीकडेच धरला. लोकांना वाटलं, लाजली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डोळ्यांतला दाब कित्येक महिने वाढत होता, आतली नस सुकली आहे. ऑपरेशन केलं, पण उजवा डोळा गेला. डाव्यानं अगदी जवळचं धूसर दिसतं, तेवढं तरी टिकावं म्हणून औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तीन आठवडे आधी आणली असती तर उजव्यातलं थोडंफार वाचलं असतं. माझे बावीस दिवस होतात.

घरी येऊन सगळे रिपोर्ट उघडले. मी फक्त गुणांचा रकाना बघायची. शेवटी एक रकाना होता, मुलानं अक्षर किती मोठं करून वाचलं त्याचा. चिमणीचा आकडा दर आठवड्याला वाढत गेलाय. ऑगस्टच्या शेवटी तो थांबतो. तिथून तिनं वाचणंच सोडलं होतं.

तिची आई मला म्हणते, तुम्ही देवासारख्या धावून आलात. स्वतःलाच दोष देत बसते, पोटच्या पोरीचं मला कळलं नाही म्हणून. मी शेजारी बसून ऐकते. काल मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मी काय करू, ते तू सांग.

ठकू


२४ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुला धीर देणारं पत्र लिहायला बसले होते, दोन कागद फाडले.

यंत्राला नावं ठेवू नकोस. त्यानं त्याचं काम केलं, लिहून ठेवलं. आणि सगळा दोष एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस. तुझं वीस तारखेचं पत्र वाचूनच मी ओळखलं होतं, की काहीतरी लपवते आहेस. शेजारणीच्या फोनवरून शाळेत एक फोन करणं मला अवघड नव्हतं. पण टॅब आवडत नाहीत असं तू लिहिलंस, ते माझ्या मनाला लागलं. म्हटलं, आपटेल तेव्हा कळेल. आपटलं कोण, ते आता बघते आहे.

त्या आईला जाऊन सांग. ती स्वतःला दोष देत असताना तू शेजारी बसून ऐकणं, हे त्या बावीस दिवसांपेक्षा वाईट आहे. माफी मिळेल म्हणून जाऊ नकोस. मिळणार नाही, मिळू नयेही. पण तिच्या डोक्यावर जे ओझं आहे ते तिचं नाही, ते आपलं आहे. आधी तेवढं उचल, मग मला लिही.

काहीही झालं तरी तुझीच,
मावशी


२ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी स्क्रीन बाजूला सरकवला, मागचा फळा पुसला आणि सगळ्या मुलांची परीक्षा घेतली. दोघांच्या घरी निरोप पाठवला. मोठ्या सरांना झालेलं सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा परत केला, तिसऱ्यांदा ठेवून घेतला. पुढे काय होईल, ठाऊक नाही.

काल चिमणीच्या घरी गेले. रस्ताभर वाक्यं जुळवली होती, दारात एकही आठवेना. मग तुझं चौदा सप्टेंबरचं पत्रच तिच्या आईच्या हातात दिलं. तिनं ते उंबऱ्यातच उभ्यानं वाचलं, सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून. वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, की हे तुम्हाला कधी मिळालं. मी सांगितलं, सतरा तारखेला. त्याच दिवशी परीक्षा घेतली, हेही सांगितलं. ती रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. पत्राची तिनं इस्त्रीच्या कपड्यासारखी बारीक घडी घातली आणि मुठीत धरली. ते काही मला परत दिलं नाही, मीही मागितलं नाही.

तेवढ्यात आतून चिमणीचा आवाज आला. माझ्या चपलांचा आवाज तिनं जिन्यातच ओळखला होता. तिनं आनंदानं विचारलं, बाई आल्या का.

आईनं माझ्याकडे बघतच सांगितलं, की नाही, कोणी नाही.

मी बराच वेळ तिथेच उभी राहिले, मावशी. पाय उचलला असता तर चिमणीला ऐकू गेलं असतं. शेवटी चपला हातात घेतल्या आणि जिना उतरले.

तुझा लोभ मागायची यावेळी हिंमत होत नाही.

ठकू