शर्यतीच्या होडीला आलेलं गिऱ्हाईक

चि. उमाकांत, आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यांत आधी आले शेजारचे भैयाजी, नुसते बघे! मागून मेजरसाहेब आणि त्यांची लेक मधुमती, तुझी शर्यतीची शिडाची होडी बघायला. विकून टाक असं तू कळवलंस खरं, पण होडी गेली की तू सुट्टीत जयपूरला कशाला येशील? म्हणून मी मुद्दाम तिची खोड सांगितली. "जुनी आहे बाई, आणि जरा वारा आला की उलटते. आमचा नातू रामगढच्या तलावात कितीदा पडलाय!"

मेजरसाहेब मागं सरले. पोरगी मात्र हरखली. "आजी, चटकन उलटते म्हणजे पळतेही तशीच!" पदर खोचून पालथ्या होडीखाली शिरली, पण वर वाळत घातलेल्या माझ्या कुरडयांना धक्का नाही लागू दिला हो!

मी लगेच म्हटलं, "मालकानं पाण्यात चालवून दाखवल्याशिवाय आम्ही विकत नाही."

"मग मालक कधी येणार?" तिनं विचारलं. मेजरसाहेब गालात हसले.

हे पत्र काही टाकत नाही, वाचलंस तर लाजून यायचा नाहीस. नुसती तार करते, होडी दाखवायला ये म्हणून. मंडळी अक्षय्य तृतीयेला पुन्हा येतो म्हणालीत.

तुझी वाट बघणारी,
आजी