एका डब्यात दोन कारभारी

पेण
७ एप्रिल १९९९

प्रिय निलेश,

तू खुशाल आहेस हे मला रोह्याच्या स्टँडवर दर शनिवारी दिसतंच, म्हणून ते विचारण्यात शाई घालवत नाही. चौथी शिकलेल्या बाईला तुम्ही दोघा भावाबहिणींनी पत्र लिहायला बसवलंत, तेव्हा चुका काढू नकोस. तुमच्या त्या कंप्युटरच्या डब्यानं माझं डोकं उठलंय. मला त्यातलं काही कळत नाही, आणि कुणी समजावलं की आणखी कळत नाही.

गेल्या शनिवारी तुझ्याकडून डबा परत आणला. तू म्हणालास, आई, आता प्रोग्राम चाललाय, नमीला सांग काही हात लावू नको. मी तसंच सांगितलं. तिनं डब्याला पडदा जोडला, बटण दाबलं, तर खरंच चालला. मी सुटले म्हणून भात टाकायला उठले. तेवढ्यात हिनं छापायचं काहीतरी सामान त्यात घातलं आणि पुन्हा चालू करायला गेली. पडद्यावर ओळीच्या ओळी पळाल्या, मग थांबल्या, आणि हिचं तोंड उतरलं. मी ओरडले, तुला हात लावू नको सांगितलेलं ना! तर म्हणते कशी, "आई, हात लावल्याशिवाय लेबल कशी छापू? त्याच्याकडे प्रिंटर हाय काय?" आता तू म्हणतोस तेही बरोबर, ती म्हणते तेही बरोबर, आणि डबा बंद. मी कुणाला झोडू?

मग तिला म्हटलं, बस, मला नीट सांग. ती म्हणाली, डब्यात एक कारभारी असतो. पॅकेज मॅनेजर का काय नाव त्याचं. बाहेरून सामान आलं की तो कुठे ठेवलं, कशाला कशाची गरज, सगळं ध्यानात ठेवतो. तिचा कारभारी आधीपासून होता. तू मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून दुसरा आणून बसवलास. दोघं एकमेकांना विचारत नाहीत. तुझ्या कारभाऱ्याने ठेवलेली वस्तू तिच्या कारभाऱ्याला दिसतच नाही, म्हणून तो त्याच नावाची दुसरी आणतो आणि तिच्यावरच ठेवतो. मग प्रोग्राम बांधायच्या वेळी नाव सापडतं पण वस्तू बसत नाही. मी म्हटलं, म्हणजे आमच्या कारखान्यासारखं, गणपतीचं धड एका साच्यातलं, हात दुसऱ्या साच्यातला, दोन्ही दीड फुटीच म्हणायचे पण खांद्याला बोटभर फट. ती म्हणाली, जवळपास तसं, पण तसं नाय. मग कसं? तर म्हणे, राहू दे आई. हे तुम्हा दोघांचं नेहमीचं आहे. अर्ध्यात आलं की राहू दे आई.

आणि निरोप तरी कसले देता रे! ती म्हणते त्याला सांग लायब्ररी, म्हणजे ते बाहेरून आणायचं सामान, जुनी घालू नको. तू म्हणतोस तिला सांग नवीन माझ्याकडे चालत नाही. मी एस.टी.त बसून जुनी नवीन, जुनी नवीन घोकत जाते. मांडीवर गोधडीत बांधलेला डबा. गेल्या खेपेला नागोठण्याला एक म्हातारी चढली, तिनं माझी मांडी बघितली, पेणची बाई म्हणजे मूर्तीच असणार म्हणून चप्पल काढून गोधडीला हात लावला आणि डोळे मिटले. कंडक्टरनेही उठून मला खिडकीची जागा दिली, म्हणाला, "मावशी, देवाला ऊन लागंल, पडदा वढून घ्या." मी पडदा ओढून घेतला. ज्याला स्वतःला काय झालंय ते सांगता येत नाही तो कसला देव? पण मीही रोहा येईपर्यंत हात जोडल्यासारखीच धरून होते, ते खरं.

हैबतरावांचं तुला माहीत आहे. गेल्या वर्षी त्यांच्या कारखान्यातून नाशिकच्या मूर्ती सोलापूरला गेल्या, कारण खोक्यावर चिठ्ठी लावणाऱ्यानं घाईत भलतंच गाव लिहिलं. म्हणून तर त्यांनी तुम्हा दोघांना हे लेबलांचं काम सांगितलं. कुठलं खोकं कुठल्या गावाला याचं तू गणित बसवलंस, नमीनं मराठी अक्षरं बसवली. काल मी मूर्तींना पॉलिश पेपर मारत होते तेव्हा ते सगळ्या बायांसमोर म्हणाले, "सगुणाबाई, अक्षय्य तृतीयेला मला मशीन चालताना दिसलं तर पोरीला कारखान्यात टेबल देतो. नाहीतर मुंबईचा माणूस ठरलेला हाय." शेजारी बसलेली पुतळी लगेच दात काढून म्हणाली, टेबल काय गो, ते आपणच देऊ घरून, लग्नात. मी तिला दिलं एक उत्तर, ते लिहिण्यासारखं नाही. पण पोरीला हे टेबल मिळालं नाही तर तिची मावशी उरणच्या स्थळाचं टुमणं पुन्हा लावून बसेल, आणि या वेळी मला नाही म्हणायला तोंड नसेल.

मी नमीला विचारलं, काय केलं म्हणजे हे एकदाचं सुटेल? दोन वाटा आहेत म्हणाली. एक, दोघांनी एका डब्यासमोर बसायचं, कारभारी एकच ठेवायचा, आणि दुसऱ्या कारभाऱ्यानं आणलेलं त्या एकाच्या हातनं एकेक करून पुन्हा मांडायचं. संध्याकाळपर्यंत होईल. दुसरी, सगळं पुसून तिनं एकटीनं नव्यानं मांडायचं. त्यात तुझं गणित जाईल, ते तिला तुझ्यासारखं येत नाही, पण ओढूनताणून करील. मी म्हटलं, मग पुस की! इतके दिवस मला का हिंडवलंस? तर नखानं टेबलाचा सनमायका खरवडत बसली. मला कंप्युटर कळत नाही, पण माझी पोर कळते. तू घर सोडलंस तेव्हा तिला एका शब्दानं सांगितलं नाहीस, म्हणून ती रोह्याला येत नाही. बापानं डोलवीला ठेकेदाराच्या हातापाया पडून लावलेलं काम तू टाकलंस, बाप नको ते बोलला, म्हणून तू पेणला येत नाहीस. जाते येते ती मी. डबा बिघडला नाही तर माझीही फेरी बंद होईल, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. काय समजायचं ते मी समजले.

आता ऐक. या शनिवारी स्टँडवर उभा राहू नकोस, मी येणार नाही. डबा इथेच राहील. सोमवारी नमी सगळं पुसणार, मीच सांगितलंय, आणि तुझं गेलं तर माझ्यावर रागाव, तिच्यावर नको. ते नको असेल तर रविवारी ये. तुझे बाबा धरमतरच्या मिठागरावर असतील असं लिहून मी तुला बोलावणार होते, पण खोटं कशाला, ते घरीच असतील. हे पत्र लिहितेय ते त्यांना माहीत आहे. डोलवीचं नाव काढायचं नाही असं मी त्यांना बजावलंय. आज मिठागरावरून येताना सुताराकडून एक स्टूल खांद्यावर घेऊन आले आणि नमीच्या खुर्चीला लावून ठेवलं. कुणासाठी विचारलं तर म्हणाले, "मला काय विचारतेस, बसंल त्याच्यासाठी." उंची कमी आहे त्याची. तुला गुडघे दुमडून बसावं लागेल.

तुझीच, रागावलेली,
आई