परसबागेचा बंदोबस्त

भोर, ४ मे १९३८, बुधवार
सुलू बाळंतपणाला माहेरी आली. सोबत दीड वर्षाची चिमी. परसबाग पाहून म्हणाली, "बाबा, विहिरीला कठडा नाही, निवडुंग माजलाय, वर गांधीलमाश्यांचं पोळं. चिमी शेजारी आनंदरावकाकांच्याच परसात खेळेल."

आनंदराव! कचेरीत माझी हेडक्लार्कची खुर्ची पटकावली, आता नात! सूड घेणार. आठवड्यात परसबाग अशी सुरक्षित करतो की चिमी त्याचं तोंडही बघणार नाही.

५ मे
निवडुंग खणला. दोन्ही हात काट्यांनी भरले. ही सुईने काढत बसली. आनंदरावाने भिंतीवरून विचारलं, "मदत हवी का?" टोमणाच तो! लक्षात ठेवला आहे.

७ मे
विहिरीवर फळ्या ठोकल्या. हत्ती नाचला तरी हलणार नाहीत. विजय!

दुपारी
पाणी कसं काढायचं, हा प्रश्न हिने काढला. फळ्या निघत नाहीत. तूर्त आनंदरावाच्या विहिरीवरून पाणी येतं. चहा शत्रूच्या पाण्याचा. चव घेतली नाही, फक्त प्यालो.

९ मे
वारा आनंदरावाच्या दिशेला होता, म्हणून मुद्दाम आजच पोळ्याखाली धूर केला. माश्या तिकडे जाणार होत्या.

वारा फिरला. डावा डोळा बंद. आनंदरावाने चुना पाठवला. लावला नाही.

मग लावला.

१२ मे
मधलं फाटक तारेने आवळून टाकलं. आता बघू! आनंदरावाने चिमीला सरळ भिंतीवरून उचलून घेतलं. तीही खिदळत गेली! परत आणायला स्टुलावर चढलो. स्टूल कलंडलं. निवडुंग खणल्याचा खड्डा बुजवायचा राहिला होता, त्यातच पडलो. पाय मोडला.

१५ मे, रविवार
पहाटेपासून सुलूला कळा. ही तिच्यापाशी. सुलू तशातही म्हणाली, "बाबांना एकटं ठेवू नका." कामथडीचा आमचा गडी सोनबा आणि आनंदराव, दोघांनी मला खाटेसकट उचललं. हलायला लागलो तर सोनबा म्हणाला, "नाना, गप पडा की. लई वजन हाय."

खाट आनंदरावाच्या आंब्याखाली. शेजारी चिमीचा पाळणा. आनंदरावाने आधी तिला मऊभात भरवला, मग मला. दोघांचीही तोंडं पुसली. म्हणाला, "आता दोघांनी झोपायचं."

चिमी लगेच झोपली. मी सूड म्हणून बराच वेळ जागा राहिलो. त्याला मला थोपटावं लागलं.