दीड गुणाचा चहा

४ जून

सोळा संघ झाले, पाच राहिले. पाय सुजून भोपळे झालेत. नाट्यमहोत्सवात जागा सहाच आणि अर्ज एकवीस! आम्ही तिघं परीक्षक – मास्तर अध्यक्ष, नळ दुरुस्त करणारा आमचा नळवाला आणि मी. ज्याच्या त्याच्या तालमीच्या जागी जायचं, चाळीस मिनिटं बघायचं, प्रत्येकाने पन्नासपैकी गुण द्यायचे, सही करायची आणि तोंडातून ब्र न काढता निघायचं. काल एका गोदामात खोक्यांवर बसून बघितलं. नळवाला पेंगत होता. कोपराने ढोसलं तर म्हणतो, डोळे मिटले की आवाज नीट कळतो!

दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू पिळायचे आणि संध्याकाळी ही पायपीट. ह्यांचं एकच पालुपद – तुला कुणी सांगितलंय? मीच मला सांगितलंय. अकरा वर्षं आमचा संघ अर्ज करायचा, अकरा वर्षं नकार यायचा. परीक्षकांना पोटभर जेवू घालणारे मात्र दरवर्षी आत. शेवटी आमचा संघच मोडला. म्हणून निवड समितीत आल्या आल्या पहिला नियम मी करून घेतला – संघाकडून घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही. गुणपत्रिकेवर तसं छापून घेतलं, त्याखालीच सही. मास्तर तेव्हा कुरकुरले होते. कुरकुरू देत.

६ जून

आज सापडलं!

इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायका. पहिल्यांदाच अर्ज केलाय. इस्त्रीच्या खोलीत तालीम, मागे चादरींच्या थप्प्या. नाटक साधं. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. लेकीला दूरच्या नोकरीवर जायचंय, ते सांगायला ती आलीय, आणि सांगतच नाही. नुसत्या चादरींच्या घड्या घालत राहते. दहा मिनिटांत मी गुणबिण विसरले.

त्यात वाफेने खोकला उसळला. थांबेचना. म्हातारीचं वाक्य माझ्या खोकल्यात बुडालं. लेकीचं काम करणारी – तिला तिथे सगळ्या 'कडक' म्हणतात – म्हातारीसाठी कप घेऊन येत होती. ती तशीच वळली, माझ्यापुढे आली आणि कप माझ्या हातात दिला. "घे आई, बोलू नकोस." तोच आवाज, तीच लेक! मीही कप तोंडाला लावला. पलंगावरून म्हातारी म्हणाली, "आणि मी काय बघत बसू?" भूमिका कुणीच सोडली नाही. मास्तरसुद्धा हसले.

शेहेचाळीस गुण दिले. एवढे आजवर कुणाला दिले नव्हते. सही ठोकली आणि चालत घरी आले.

७ जून

सकाळी दात घासताना लख्ख आठवलं. त्या कपात चहा होता.

नाटकातला कप रिकामा असतो. रिकाम्या कपातून घोट घ्यायचं काम मी चाळीस वर्षं केलंय. समोर कप आला की हात आपोआप उठतो, मान मागे जाते, घसा हलतो. तसंच केलं. फक्त हा कप भरलेला होता – आणि मी तो प्यायले. तळापर्यंत! खोकला थांबला म्हणून बरंही वाटलं. आणि अर्ध्या तासाने लिहून दिलं की काहीही घेतलेलं नाही.

मास्तर आणि नळवाला शेजारीच होते. त्यांना वाटलं, मी अभिनय केला. म्हणजे कुणाला काही कळणार नाही.

९ जून

ह्यांना सांगितलं. म्हणाले, चहाच तर होता. दिवसभर मीही स्वतःला तेच सांगितलं. पटलं नाही.

१३ जून

आज बेरजा. धुलाईघर एकशे पंचवीस – मास्तरांचे अडतीस, नळवाल्याचे एक्केचाळीस, माझे शेहेचाळीस. पाचवा क्रमांक. म्हणजे आत!

मग मी सांगितलं.

नळवाला आधी हसला, मग माझं तोंड बघून त्याने हसू आवरलं. मास्तरांनी नियमांचा कागद काढला. अशा वेळी त्या परीक्षकाचे गुण रद्द, त्याऐवजी उरलेल्या दोघांची सरासरी. साडेएकोणचाळीस. एकूण एकशे साडेअठरा. आता सहाव्या जागेवर जो संघ आला त्याचे एकशे वीस.

दीड गुण! मी म्हटलं, चूक माझी आहे, त्यांची कशाला मान कापता? तिघंही पुन्हा बघायला जाऊ. मास्तर म्हणाले, "बाई, नियम तुमचाच. आणि प्रत्येक संघाला एकदाच बघायचं, हाही तुमचाच."

खरं आहे. दोन्ही माझेच.

१४ जून

दुकान उघडायच्या आधी मास्तरांच्या दारात. मग दुपारी. मग संध्याकाळी. तिसऱ्यांदा त्यांच्या सुनेनेच दार उघडून सांगितलं की बाबा घरात आहेत पण नाहीत. नळवाला माझ्या बाजूने आहे, पण दोघांनी भागत नाही. अध्यक्षांची सही लागते.

१५ जून

पत्रं गेली. मी राजीनामा दिला. नियम करणारीनेच मोडला, तर तिने तिथे बसू नये. मास्तर म्हणाले, एवढं मनाला लावून घेऊ नका. लावून घेणार.

पण धुलाईघराला खरं कारण मीच सांगणार. तोंड लपवणार नाही.

१८ जून

मी जायच्या आधी कडकच दुकानात आली. हातात पत्र. चष्मा करायला आलेलं गिऱ्हाईक जाईपर्यंत उभी राहिली. मग विचारलं, "आमचं कुठे कमी पडलं, ते तरी सांगा."

सगळं सांगितलं. कप, चहा, सही, दीड गुण. काही कमी पडलं नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही तालमीतसुद्धा खराच चहा घेतो. म्हातारी रिकाम्या कपातून पितेय असं वाटलं तर मला पुढचं बोलता येत नाही." मग म्हणाली, "तुम्ही गप्प बसला असतात तर आम्ही आत असतो."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती गेली. पत्र काउंटरवरच राहिलं. मी आत जाऊन रडले. फार वर्षांनी.

२५ जून

कडक परत आली. नाटकाची वही घेऊन. म्हातारीचं काम करणारीची बदली झाली, पण पुढच्या वर्षी त्या पुन्हा अर्ज करणार आहेत. "तुम्ही आता निवडणाऱ्यांतल्या नाही ना?" तिने विचारलं. नाही म्हटलं. "मग धरा, म्हातारीचं वाचा."

शटर अर्धं ओढलं आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला बसले.