समोरच्या डब्यातलं कार्ड

बोर्ली पंचतन
शनिवार

प्रिय केसरताई,

अक्षर ओळखून आधी चिडशील. आठ महिन्यांनी आठवण झाली मेल्याला, म्हणशील. चीड, पण फाडू नकोस.

मी सध्या बोर्लीच्या बाजारात रेडिओ वाजवतो. हसू नकोस. समुद्रापलीकडे कुठेतरी ख्रिस्ती लोकांचं केंद्र आहे, तिथून संध्याकाळी अर्धा तास मराठी गाणी नि प्रार्थना येतात. बाजारातल्या लोकांना त्या ऐकवायच्या, ऐकणाऱ्यांकडून केंद्राला कार्डं लिहून घ्यायची. ज्याची कार्डं जास्त, ते केंद्र मोठं. पण समोर सायकलवाल्याच्या ओट्यावर शिवदास बसतो, तसल्याच दुसऱ्या केंद्रासाठी रेडिओचा डबा घेऊन. वेळही तीच. मी आवाज वाढवायला डब्याचा कान पिळला की तोही पिळतो. सुकटवाली नीराबाई ओरडते, "मेल्यांनो, देव एकच ना तुमचा? मग एका डब्यातून बोलायला त्याला काय झालं?"

लोक गाणं ऐकतात नि पिशव्या उचलून चालू लागतात. कार्ड कोण लिहिणार? मग मीच लिहू लागलो. ठमाबाईच्या नावाने लिहिलं, प्रार्थनेने माझी म्हैस उठून बसली. ते रेडिओवर वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा बाजार ठमाबाईकडे दूध मागायला! तिच्याकडे साधी शेळी न्हाय. म्हैस म्हटल्यावर आठवलं, काळूरामकाकाचं ते आंधळं रेडकू अजून आपल्या अंगणात येतं का? असो. सही न येणाऱ्यांचे अंगठे म्हणून मी माझीच दहा बोटं पाळीने उठवतो. शिवदासही तेच करतो. आम्हाला एकमेकांचं ठाऊक आहे.

गंमत अशी, की या गावात बोलायला मला तोच एक आहे. डबे बंद झाले की एका कपातला चहा दोघं पितो. त्याला मी सगळं सांगून बसलो. होडी सुटायच्या दिवशी मी माणगावला तंबूतला सिनेमा बघत होतो, होडीवर एक माणूस कमी पडला, नि दोर ओढताना बाबांचा उजवा हात त्यात सापडला, ते. आई "तोंड दाखवू नको" म्हणाली, तेही.

काल माझी बॅटरी बसली, म्हणून त्याच्याच ओट्यावर त्याचं केंद्र ऐकत होतो. शेवटी रेडिओवरच्या बाईने कार्ड वाचलं. आपल्या वरसोलीहून. "माझा हिरामण घर सोडून गेला आहे. त्याच्या बापाचा हात आता दोर धरतो. त्याने परत यावं म्हणून प्रार्थना करा." खाली आईचं नाव. शिवदास सायकलचं चाक फिरवू लागला. विचारलं तर म्हणाला, "मी न्हाय लिहिलं. आईशप्पथ." पण मी गेलो तर सगळा बाजार त्याचाच ना? आणि आई तर एकवीरेशिवाय कुणाला काही मागत नाही. की शाळेतल्या मास्तरांच्या रेडिओवर ऐकून तिने तुझ्याकडून लिहून घेतलं? रात्रभर हेच.

म्हणून हे जबाबी कार्ड सोबत घातलंय. त्यावर मजकूर लिहू नकोस ताई, मजकुरावरचा माझा विश्वास मीच घालवलाय. फक्त बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा उठवून पाठव. गळ घुसल्याची आडवी खूण आहे त्यावर, ती मी शिवदासला सांगितलेली नाही. ती दिसली की डबा त्याच्या ओट्यावर ठेवून निघेन. तोवर इथेच आहे, रोज सहाला लावतो.

तुझाच, अजून तुझा म्हणत असशील तर,
हिरामण