दहाव्याचं तयार पान

सोनपेठ,
फाल्गुन शुद्ध चतुर्थी, सन १९५८

प्रिय सुमे,

केशरआत्याचा पोटभर आशीर्वाद. जिंतूरला मामाच्या घरी करमतं का, असं विचारणार नाही. लग्न ठरलेल्या पोरीला सगळे हेच विचारतात आणि ती सगळ्यांना हो म्हणते. इकडं ज्वारी खळ्यात आली. तांबडीला कालवड झाली, आईसारखीच हट्टी आहे. माझे गुडघे बसताना कुरकुरतात आणि उठताना भांडतात. अक्षर माझं कोंबडीनं अंगण उकरावं तसं, पण तू दमानं वाच. सांगायचं आहे ते अन्नाचं आहे, पण जेवणाआधी वाचायसारखं नाही. जेवली नसशील तर आधी जेवून घे. मला आठ दिवस झाले, घास तोंडाशी नेला की तो वास येतो.

तुझ्या नानाचा दहावा आठवतो ना? न आठवून कसं चालेल, त्याच दिवशी तुझं नर्सचं शिक्षण सुटलं. एक वरीस राहिलं होतं. आपल्यात गोदागंगेच्या काठी तीन दगड मांडून घरचे तांदूळ शिजवायची रीत, पण तुझा दादा आप्पाराव म्हणाला, "आत्या, आता कोण धुरात डोळे फोडून घेतं? गंगाखेडला सगळं तयार मिळतंय." मग घाटावर दहाव्याची पानं विकणाऱ्या त्या दिनकररावाच्या पत्र्याच्या शेडमधून पान आलं. पत्रावळीवर भात, दोन वडे, दही, वर एक पिवळाधमक लाडू, आणि सगळं दोऱ्यानं बांधलेलं, लग्नातल्या आहेरासारखं. दोरा सोडला तसा आंबूस भपकारा आला. मी नाकाला पदर लावला. लोकांना वाटलं, बहीण रडायली.

कावळे झाडावर बसलेले, एक खाली येईना. आप्पारावनं हात जोडून सांगितलं, शेत पडू देणार न्हाई. कावळा हलला नाही. मग म्हणाला, आत्याला शेवटपर्यंत सांभाळीन. तेव्हा मी पुटपुटले, "मला सांभाळायला कावळ्याची साक्ष कशाला रे?" ऊन चढत गेलं आणि मागच्या बायांत कुजबुज सुरू झाली. पोरीचं ऱ्हायलंय त्याच्या मनात. लग्नाची पोर परगावी लोकांच्या जखमा धूत बसली, बापाचा जीव सुटंल कसा? आप्पारावनं तुझ्याकडं पाहिलं. तू पुढं झालीस आणि म्हणालीस, "नाना, मी शिक्षण सोडते. दादा म्हणंल तिथं लग्नाला उभी ऱ्हाते." आणि कावळा उतरला. सगळ्या बाया एकदम हुंदकल्या, सुटला गं बाई सुटला! वर्षाच्या आत उरकायला पाहिजे म्हणून महिन्यात किशनरावाचं स्थळ ठरलं. माणूस वाईट नाही, पण तू त्याला हो म्हटलंच नव्हतंस. तू हो म्हटलंस ते कावळ्याला.

आता ऐक. शेजारच्या वच्छलाबाईचे मालक वारले, हे तुला कळलं असेल. मागच्या आठवड्यात त्यांचा दहावा झाला, मी सोबत गेले. तेच शेड, तसंच पान, तसाच भपकारा. कावळा शिवेना. वच्छलाबाई कपाळ बडवून विचारायली, काय ऱ्हायलं वो तुमच्या मनात? तिच्या लेकानं शपथा घेतल्या, विडी सोडली, भावाशी भांडण मिटवतो म्हणाला. मी सहज बाजूला पाहिलं. घाटावर आणखी तीन घरची माणसं बसलेली, तिघांचीही पानं तशीच, तिघंही रडकुंडीला आलेले. मी मनात म्हटलं, एकाच दिवशी चार-चार मेलेले रुसले कसे? थोडं पलीकडं एक मेंढरंवाला भाकरी खात होता. त्यानं शिळा तुकडा भिरकावला तर त्याच कावळ्यांनी त्याच्यावर झडप घातली आणि एकमेकांची पिसं उपटली.

तहानेचं निमित्त करून मी शेडच्या मागं गेले. सुमे, मी गुरांचं शेण उपसलं, बाळंतिणींचं सगळं केलं, सासूचं अंथरूण दोन वर्षं धुतलं. कशाची किळस म्हणून मला कधी आली नाही. तिथं आली. तांदूळ म्हणजे गिरणीची झाडलोट, त्यात सोंडे चालत होते आणि उंदराच्या लेंड्या काळ्या तिळासारख्या पसरलेल्या. ते न निवडता, न धुता आधणात ओतत होते. वड्याला उडीद नव्हताच. लाखेची डाळ होती, जी खाऊन माणसं पायानं लुळी पडतात म्हणून आपण दारात येऊ देत नाही. तीही किडकी, दळताना जाळी धरलेली. कढईतलं तेल ठेसनावरच्या भज्यावाल्यानं टाकून दिलेलं, विकत आणलेलं, गाडीच्या वंगणासारखं काळं. दही म्हणजे दुधाच्या भुकटीचं पाणी, लिंबू पिळून फाडलेलं, वर माशांची साय. लाडवाला कापड रंगवायचा पिवळा रंग, करणाऱ्या बाईची बोटं नखांपर्यंत पिवळी.

एवढं असतं तरी मी थुंकून परत आले असते. पण कोपऱ्यात एक टोपली होती. त्यात वडे होते. काहींना वाळू लागलेली, एकाला हळदकुंकू. कडूबाई म्हणून तिथली कामवाली ते फुंकून फुंकून कढईत सोडत होती. मी विचारलं, काय करायलीस गं? तर म्हणाली, "गरम करायले, मावशी." मी म्हटलं, अगं पण हे तर घाटावरचं हाय, मेलेल्याच्या पुढं ठेवलेलं! ती माझ्याकडं अशी बघायली जशी मीच येडी. "मग? कुणी खाल्लंय का त्याला? कावळा बी खात न्हाई, माणूस बी खात न्हाई. जसंच्या तसं हाय." भाताचंही तेच, काल न शिवलेला भात आजच्या आधणात. आणि फारच उरलं तर? तर म्हणे ठेसनावर जातं, पुडीत बांधून, रात्रीच्या गाडीच्या लोकांना.

तेवढ्यात दिनकरराव आला, जाकिटाची बटणं लावत. मी तोंड सोडलं तसा हसून म्हणाला, "मावशी, मेलेल्याला चव कळती का?" मी म्हटलं, त्याला नसंल कळत, कावळ्याला कळती, तुझ्यापेक्षा त्याचं पोट इमानदार हाय.

परत आले ती सरळ पानाजवळ. वच्छलाबाईच्या शिदोरीतलं धपाटं घेतलं आणि पानाच्या कडेला ठेवलं. मागं सरकायच्या आत कावळा आला. धपाटं उचललं, वड्यावर पाय देऊन उभा राहिला आणि उडाला. इकडं वच्छलाबाईचा लेक रडत म्हणतो, भावाचं नाव घेतलं म्हणून आला! भांडण मिटलं तर चांगलंच आहे, मी गप्प बसले. पण तिथंच पायरीवर मला तुझ्या नानाचा दिवस डोळ्यांपुढं आला. त्या दिवशीही, तू बोलायला पुढं व्हायच्या जरा आधी, मी धपाटं ठेवलं होतं. तुझा नाना, माझा सुग्रीव, लहानपणापासून माझ्या हातचं खायचा, म्हणून. शेडचा माणूस ओरडला, बाहेरचं ठेवू नका, तरी ठेवलं. तू हात जोडून बोलत होतीस आणि सगळ्यांचं ध्यान तुझ्यावर होतं. मी पानाकडं पाहत होते. कावळ्यानं धपाटंच नेलं, पोरी. भात, वडा, लाडू, सगळं जसंच्या तसं होतं. दुसऱ्या कुणाच्या बापानं नाकारलेलं ते शिळं आपण तुझ्या बापापुढं ठेवलं आणि तो खाईना म्हणून तुझ्याकडं मागितलं.

आणि तुझ्या नानाच्या मनात काय होतं, ते मला विचारायचं होतं, झाडावरच्या पाखराला नव्हे. तू औरंगाबादला गेलीस त्या वख्ती तो परभणीपर्यंत तुला गाडीत बसवायला आला होता ना? परत आला तो घरी न जाता माझ्याकडं. चहाची बशी तोंडाला लावायचा आणि खाली ठेवायचा. म्हणाला, "अक्का, पोरगी खिडकीत बसली अन् तिनं मागं वळून पाह्यलं न्हाई. लय बरं वाटलं." तुझ्या लग्नाचा शब्द त्यानं माझ्याजवळ कधी काढला नाही. अशा माणसाचा जीव तुझ्या शिक्षणात अडकला, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? त्या कुजकट वासातच माणसाची बुद्धी नासत असेल.

आप्पारावला सांगितलं तर तो माझ्यावरच उसळला. "आत्या, तू लय वाईट बघतीस. देवाधर्मात बी खोट काढतीस." सोमवारी त्याला घेऊन गंगाखेडला गेले आणि घाटावर बसवलं. त्यानं पानं मांडलेली पाहिली, कावळे न आलेले पाहिले, कडूबाई टोपली घेऊन पायऱ्यांवरून वडे वेचताना पाहिली. तिच्या मागं मागं शेडपर्यंत गेला. मी बाहेरच थांबले. बाहेर आला तो भिंतीला हात लावून ओकला, आतडं बाहेर येईस्तोवर. आपल्या वेशीपाशी मोटारीतून उतरल्यावर म्हणाला, "आत्या, मी काय करून बसलो गं." तुला माहीत आहे तो कसा आहे. बाप गेल्यावर घराचा बाप झाला, आणि बाप झाला की माणसाला चुकलं म्हणणं जड जातं.

म्हणून हे लिहिलं, सुमे. त्यानं मला लिहायला लावलं. काल रात्री दोनदा तुझ्याकडं निघाला आणि दोनदा ओसरीवरून परत फिरला, म्हणाला, तिच्यापुढं तोंड उघडणार न्हाई माझं. हे पत्र टपालानं पाठवत नाही. ज्यानं ते तुझ्या हातात दिलं तो तुझा भाऊ आत्ता दारात जोड्यांकडं बघत उभा असेल. त्याच्या मनात एवढंच आहे की शब्द मी दिला, तो मोडायला किशनरावाकडं मीच जातो, शिव्या पडतील त्या मला पडतील. पण तू म्हणालीस तरच. किशनराव तुझ्या मनाला आला असेल तर खुशाल लग्न कर, मी पहिली नाचेन, फक्त नानाच्या नावावर करू नकोस. त्याला काही विचारू नकोस, तो रडेल आणि मामाच्या घरात तमाशा होईल. लग्न करायचं असेल तर आत बोलव आणि पाणी दे. शिक्षणाला परत जायचं असेल तर तुझी पेटी उचलून त्याच्या पायाशी आणून ठेव. औरंगाबादच्या मोटारीचं त्याला ठाऊक आहे, तो विचारून बसला आहे.

तू काय ठरवशील ते न विचारताही तुझीच,
केशरआत्या