सकाळी साडेदहाला न सापडलेले बीव्हर

प्रति,
मा. जिल्हा निसर्गसंरक्षण अधिकारी,
एर्लेनताल जिल्हा कार्यालय, खोली क्र. २१४,
बव्हेरिया.

विषय : गिरणीच्या ओढ्यावरील बीव्हरांचा बांध 'सोडून दिलेला' ठरवून दि. २० ऑक्टोबर रोजी काढण्याचा आदेश थांबवणे व फेरपाहणी संध्याकाळी करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. २४ सप्टेंबर २०२५.

महोदय,

खाली सही करणारी वाल्बुर्गा हिंटरझेअर, वय ५४, राहणार गिरणीची वाट, एर्लेनरीड, आदरपूर्वक अर्ज करते, की सदर बांध सोडून दिलेला नाही. त्याने अडवलेल्या पाण्यात काटक्या-चिखलाचे घर आहे व त्यात घरातली माणसे, म्हणजे बीव्हर, राहतात. मोठी दोन, गेल्या वर्षीचे एक आणि या उन्हाळ्यातली पिल्ले तीन.

१. आपल्या कार्यालयाचे पाहणी अधिकारी श्री. ड्रेक्सलर हे दि. २, ९ व १६ सप्टेंबर रोजी आले. तिन्ही वेळा सकाळी साडेदहाला. बूट चांगले होते, दुर्बीणही चांगली होती. बीव्हर रात्रभर काम करून दिवसा झोपतो, हे मी त्यांना हळू आवाजात सांगितले, कारण आम्ही घराच्या अगदी जवळ उभे होतो. "अहो, आत झोपलेत ते." त्यावर साहेब म्हणाले, "बाई, नमुन्यात रकाने दोनच. आढळले, नाही आढळले. 'झोपलेत' असा रकाना नाही." आणि त्यांनी खूण केली. तीन खुणांवरून आपण 'वस्ती सोडून गेल्याचे गृहीत' धरले.

२. माझे शिक्षण नववीपर्यंत, पुढे सगळी वर्षे बेकरीत. बीव्हरांविषयीचे प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. जे कळले ते ओढ्याकाठच्या बाकावर, अकरा वर्षे, पाव, मुळा आणि थोडे चीज मांडीवर घेऊन कळले. चर्चची संध्याकाळची सहाची घंटा झाली की साधारण वीस मिनिटांनी पाण्यावर एक रेघ उमटते. ती आई. ती आधी बाकाकडे बघते, मग पिल्लांना बाहेर येऊ देते. मी हललेच तर शेपटी पाण्यावर अशी आपटते, की माझ्या हातचा मुळा खाली पडतो. प्रमाणपत्रधारकालाही ती असाच आवाज देईल. त्याने त्या वेळी तिथे असायला मात्र हवे.

३. मूळ तक्रार माझे शेजारी श्री. कोर्बिनियान श्टाडलर यांची, दि. ११ एप्रिल २०२४ ची. ती खरीच होती. बांधामुळे त्यांच्या मक्यात घोट्याएवढे पाणी आले. तेव्हा ते कुंपणावरून ओरडत, "वाल्ली, तुझ्या जावयांनी माझा मका बुडवला! आता पायघड्याही घाल त्यांना!" त्यानंतर आपल्याच कार्यालयाच्या परवानगीने आम्ही दोघांनी बांधातून एक जाड नळ घातला. बीव्हरला पाणी वाहण्याचा आवाज आला की तो तिथे चिखल थापतो, म्हणून नळाचे तोंड लांब, खोल पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले. पाणी उतरले, मका वाचला, आणि बीव्हरांना अजून पत्ता नाही. सफरचंदाच्या खोडांना तारेची जाळी बांधली. एक झाड राहून गेले, ते त्यांनी खाल्ले. त्याबद्दल आमची कोणावरही तक्रार नाही.

श्री. श्टाडलर गेल्या हिवाळ्यात तक्रार मागे घ्यायला आपल्याकडे आले होते. खिडकीवर सांगण्यात आले, की तक्रार करण्याचा नमुना आहे, मागे घेण्याचा नाही. तेव्हापासून ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतात. बसल्यावरही बोलतात. तेवढे एक बीव्हरांना व मला सहन करावे लागते.

४. आपली पाहणीची पद्धत नीट समजावी म्हणून मी स्वतः आपल्या कार्यालयाची पाहणी केली. दि. २९ व ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर, तिन्ही दिवस संध्याकाळी साडेसहाला. दार बंद. दिवे बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. आत कुंडीतले एक झाड होते, तेही सुकलेले. नमुन्यानुसार, 'आढळले नाही'. तरीही हे कार्यालय सोडून दिलेले आहे असे मी गृहीत धरले नाही, व ते पाडण्याविषयी कोणालाही लिहिलेले नाही. साहेब घरी गेले असतील, जेवत असतील, असे मनाशी म्हटले. एवढीच सवलत ओढ्यातल्या घराला मिळावी.

त्या तीन संध्याकाळी बाकावर श्री. श्टाडलर एकटे होते. त्यांचा तोंडी अहवाल असा : "आई आली, बाकाकडे बघितलं, तू नाहीस म्हणून परत गेली. दहा मिनिटांनी आली. मला काही किंमतच नाही."

५. बांध काढला तर काय होईल, ते नमुन्यात नाही म्हणून लिहिते. घराचे दार पाण्याखाली आहे. पाणी गेले की दार उघडे पडेल. कोल्हा ओढ्याच्या पलीकडेच राहतो. हिवाळ्यात खायला म्हणून दाराशी बुडवून ठेवलेल्या विलो झाडाच्या फांद्या चिखलात वाळतील. वीस ऑक्टोबरनंतर नवा बांध घालून ओढा गोठण्याच्या आत पाणी भरणे त्यांना होणार नाही. मोठी दोन कदाचित तगतील. पिल्लांचे वजन अजून आमच्या मांजराएवढे आहे.

तरी विनंती, की आदेश थांबवावा आणि वीस तारखेच्या आधी कोणत्याही संध्याकाळी सहाच्या घंटेला आपण स्वतः यावे. शुक्रवारी आपले कार्यालय दुपारी बारालाच बंद होते, तो दिवस सोयीचा पडेल. बाकावर जागा दोघांची आहे. श्री. श्टाडलर उभे राहायला तयार आहेत, गप्प राहायलाही. दुसरे वचन कितपत पाळतील ते मी सांगू शकत नाही. पाव मी आणीन. आई आधी आपल्याकडे बघेल. तेव्हा कृपया हलू नये.

आपल्या वाटेकडे डोळे लावून,

वाल्बुर्गा हिंटरझेअर
एर्लेनरीड, दि. ९ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) सप्टेंबरमधील अठ्ठावीस संध्याकाळच्या नोंदींची वही. (दोन दिवस आपल्या कार्यालयाच्या पाहणीत गेले.)
२) श्री. श्टाडलर यांची तक्रार मागे घेतल्याची चिठ्ठी, तक्रारीच्याच नमुन्यावर, 'तक्रार' हा शब्द खोडून.
३) विलोची काठी एक, आज पहाटे बांधावर मिळालेली, दोन्ही टोकांना दातांच्या खुणा. पाकिटात घालताना ओली होती. सोडून गेलेल्यांची काठी ओली नसते. कृपया खोली क्र. २१४ मध्ये हात लावून पाहावी, वाळण्यापूर्वी.